विचारा की! : पुढचं काहीच ठरलं नाही, मग कॉलेज कशाला?

दिवाळीनंतर पत्रांचा गठ्ठा यावेळी जरा जास्तच आलाय आणि त्यातली निम्मी पत्रं एकाच विषयावरची. कारण उघड आहे. दिवाळीत पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की घरातल्या बारावीच्या पोराला फराळाच्या ताटाबरोबर एकच प्रश्न वाढला जातो, "मग, पुढे काय करायचं ठरवलंय?" पोरगं चकली चावत राहतं, आई स्वयंपाकघरातून काहीतरी सारवासारव करते आणि पाहुणे गेल्यावर रात्री ते पोरगं मला पत्र लिहितं. तीन पत्रं निवडलीत, पहिलं मोठं आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, मी बारावी सायन्सला आहे, गाव तासगाव तालुक्यात. दहावीला ७८ टक्के पडले म्हणून सगळ्यांनी सायन्स घ्यायला लावलं. अकरावी कशीतरी निघाली पण आता डोक्यात काही शिरत नाही, फिजिक्सच्या चाचणीत २५ पैकी ६ पडले. आमच्या चौकात मोटर रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं) दुकान आहे, मे महिन्याच्या सुट्टीत तिथे बसायला लागलो आणि आता रोज संध्याकाळी जातो, मिस्त्री रविवारचे ३०० रुपये देतात. तिथे वेळ कसा जातो कळत नाही. पण आयुष्यभर हेच करायचंय का ते माहीत नाही, आणि इंजिनिअर व्हायचंय का तेही माहीत नाही. पप्पा म्हणतात सायन्स सोडलंस तर घरात पाऊल ठेवू नको. मम्मी म्हणते झेपत नसेल तर सोड, पण आधी सांग काय करणार. मला काही सांगताच येत नाही. पुढचंच माहीत नाही तर हे तीन महिने कशाला वाया घालवायचे, आत्ताच सोडून दुकानात फुलटाइम जाऊ का?

उत्तर : अरे बाळा, सतरा-अठराव्या वर्षी पुढचं माहीत नसतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी आयटीआयला ३१ वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलं. दरवर्षी नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी विचारायचो, फिटर का घेतलं रे? सगळ्यात जास्त ऐकलेलं उत्तर म्हणजे "इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही सर." ह्याच्यावर उभ्या राहिलेल्या कितीतरी पोरांची आज स्वतःची वर्कशॉप आहेत, एकाचं तर माझ्या घरापेक्षा मोठं आहे, असो.

तर फिटरला सुरुवातीचे काही आठवडे काय असतं सांगतो. फाइलिंग. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासत बसायचं. घासून झालं की त्याला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचा आणि तुकडा उजेडाकडे धरून बघायचं, गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की काम नापास, परत घास. तळहाताला फोड येतात, बोटांना लोखंडाचा वास लागतो तो साबणाने जात नाही. महिनाभरात दोन-तीन पोरं दांड्या मारायला लागायचीच, बोलावून विचारलं की म्हणायची, "सर, मला ह्यात इंटरेस्ट नाही." मी विचारायचो इंटरेस्ट नाही का हात दुखतोय? बहुतेक वेळा हातच दुखत असायचा. अधूनमधून एखाद्याला खरंच इंटरेस्ट नसायचा, त्याला मी स्वतः प्रिन्सिपॉलकडे घेऊन गेलोय आणि ट्रेड बदलून मिळतो का बघितलंय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात तू दोन वेगळी दुखणी एका पुडीत बांधलीयेस. एक म्हणजे पुढचं माहीत नाही, आणि दुसरं म्हणजे फिजिक्स शिरत नाही. पहिल्याला औषध नाही, ते वयाबरोबर थोडं थोडं बरं होतं आणि काही जणांचं होतही नाही, तरी संसार चालतात. दुसऱ्याला औषध आहे आणि गंमत म्हणजे ते तुझ्या मिस्त्रींच्या दुकानात फळीवर पडलंय.

आठव बघ, दुकानात थ्री फेजची, म्हणजे वीज तीन तारांतून घेणारी, जळकी मोटर आली की मिस्त्री आधी काय करतात? उघडून नुसतं बघतात. सगळी वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) सारखी काळी झाली असेल तर लोड जास्त पडला म्हणतात. पण काही कॉइल काळ्या आणि काही चांगल्या तांबूस राहिल्या असतील तर लगेच म्हणतील, हिची एक फेज गेली होती आणि ही दोनवर ओढत राहिली. कॉइल जोडायच्या स्टार आणि डेल्टा अशा दोन पद्धती. स्टार जोडणीची असेल तर दोन फेजच्या कॉइल जळतात आणि एक वाचते, डेल्टाची असेल तर एकच जळते आणि दोन वाचतात. हे मिस्त्रींना अनुभवाने माहितीये. का असं होतं ते तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातल्या करंटच्या हिशोबात बसतं. बारावीच्या पुस्तकात इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन आणि एसी सर्किट्स असे दोन धडे आहेत, ते म्हणजे तुझं दुकानच आहे रे, फक्त तिथे तांब्याच्या तारेच्या जागी इंग्रजी अक्षरं आहेत. तर असं कर, पुस्तक पहिल्या धड्यापासून काढूच नकोस, ह्या दोन धड्यांपासून काढ. वही घेऊन दुकानात जा, जुनी कॉइल सोडताना मिस्त्री टर्न (तारेचे वेढे) मोजून आणि तारेचा गेज (जाडी) बघून लिहून ठेवतात ना, त्याच पानावर खाली धड्यातलं एक गणित सोडव. मिस्त्री हसतील, हसू देत.

आता तीन महिन्यांचं बोलू, कारण खरा हिशोब तिथे आहे. फॉर्म भरून झालाय, वर्गाची हजेरी बरीचशी लागलीये, दीड वर्ष संपलंय. उरलंय काय तर जानेवारीच्या शेवटाकडे प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी. प्रॅक्टिकलला ३० मार्क आहेत आणि लेखी ७० ची आहे, पास व्हायला ३५ टक्के लागतात. ज्याचा हात मोटरीवर चालतो त्याने प्रॅक्टिकलचे मार्क घालवले तर मी त्याला माफ करणार नाही. जर्नल पूर्ण आहे का तुझं? नसणार, मला माहितीये. ह्या आठवड्यात बसून पुरं कर आणि सह्या घे, ते काम डोक्याचं नाहीये, नुसतं बसायचं आहे.

आणि समजा एका-दोन विषयांत उडालास, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, फक्त राहिलेले विषय द्यायचे. पण आज घरी बसलास तर कागदावर तू दहावी पास, आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं कुठे गेली ते प्रत्येक ठिकाणी तोंडाने सांगत बसायचं. पोलीस भरतीच्या शिपायाला बारावी लागते. तलाठ्याला किंवा राज्यसेवेला पदवी लागते आणि पदवीला आधी बारावी. तू म्हणशील मला पोलीस व्हायचंच नाही. आज नाही व्हायचं. पण तूच लिहिलंयस की काय व्हायचं ते माहीत नाही, मग दार आजच कशाला लावून घेतोस? ज्याचं ठरलंय त्याने एक-दोन दारं लावली तर चालतं, ज्याचं ठरलेलं नाही त्याला सगळी दारं उघडी लागतात. पुढचं माहीत नाही म्हणून सोडतो, हे मला उलटंच वाटतं बघ.

दुकानाबद्दल आता. मी कारागिरीतला माणूस आहे, मला कोणी सांगू नये की रिवाइंडिंग हलकं काम आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात मोटर जळाली की बागवाला डॉक्टरच्या आधी मिस्त्रीला फोन करतो. पण नुसत्या हाताच्या जोरावर एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. वायरमनचा सरकारी परवाना असेल, महावितरणची भरती असेल, कंपनीतली अप्रेंटिसशिप असेल, तिथे कागद बघतात. म्हणून बारावीचा निकाल काहीही लागो, पुढच्या जून-जुलैत आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भर. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा ट्रेड आहे, प्रवेश दहावीच्या मार्कांवर मिळतो, ७८ टक्के म्हणजे तू रांगेत बराच पुढे असशील. बारावी सायन्स पास झालास तर आणखी एक रस्ता आहे, पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा दोन वर्षांत. आणि दोन वर्षांचा आयटीआय केल्यावरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पप्पांना हे सांग. त्यांना सायन्स पाहिजे असं नाहीये, पोरगं रिकामं फिरेल ह्याची भीती आहे त्यांना, आणि "मला माहीत नाही" ह्या उत्तराने ती भीती दुप्पट होते. त्यापेक्षा "मार्चपर्यंत बारावी, एप्रिल-मे दुकान, जूनमध्ये आयटीआय आणि डिप्लोमा दोन्हीचे फॉर्म" असं एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. पुढच्या सहा महिन्यांचं सांगता आलं तरी बापाला पुष्कळ होतं, वीस वर्षांचं कोण विचारतंय.

तसंही मोटरी जळायचा सीझन उन्हाळा. पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं, मोटर कोरडी ओढत राहते. तुझी परीक्षा संपते आणि दुकानासमोर मोटरींची रांग लागते, टाइमटेबल कोणीतरी बरोबर जुळवून ठेवलंय. तोपर्यंत फक्त रविवारी जा. रोज संध्याकाळी नको.

माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की हा म्हातारा नुसता उपदेश करतोय. मी १९८१ मध्ये अकरावी अर्ध्यात सोडली. कारण तुझंच, काही कळत नव्हतं आणि कंटाळा आला होता. सोडल्याचं मला अजून फारसं वाईट वाटत नाही, पण सोडून पुढे सात महिने मी घरी बसलो होतो, म्हशी फिरवल्या, गल्लीत पत्ते कुटले आणि आजीच्या शिव्या खाल्ल्या, त्या सात महिन्यांचं वाईट वाटतं. आयटीआयला जाईपर्यंत माझा हात आणि डोकं दोन्ही गंजलं होतं. पुढे नोकरीत बारावी नसल्याचं टोचायला लागलं तेव्हा तिशी उलटून गेल्यावर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्सला बसलो. पहिल्या पेपरला वर्गात शिरलो तर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबा." खिशातून हॉल तिकीट काढून दाखवलं तेव्हा सगळा वर्ग हसला, मी पण हसलो, करतो काय.

एकच गोष्ट राहिली. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगूच नये असं मनात येतं, असलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव. आधी मम्मीला सांग आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, तेव्हा परीक्षा पुढच्या वर्षी दिली तरी चालते. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही, तरी विचारून ठेवलेलं बरं. आणि पुढच्या पत्रात मला एवढं लिही की मिस्त्रींकडच्या पाच एचपीच्या मोटरला एका कॉइलमध्ये किती टर्न निघाले आणि तार कोणत्या गेजची होती.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे, कल्याणहून रोज मुंबईला कॉलेजला जाते. आता म्हणते वर्षभराचा ब्रेक हवा, कशात करिअर करायचं तेच समजत नाहीये. आमच्याकडे असं कधी कोणी केलेलं नाही. मी हो म्हणावं का?

उत्तर : ताई, आपल्या वेळी एकदा सुटलं की सुटलं, म्हणून आपल्याला ब्रेक ह्या शब्दाचीच धडकी भरते. आता थोडं बदललंय. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्यात पहिलं पूर्ण वर्ष पास करून वर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) कामाशी जोडलेला कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची मुभा आहे. म्हणजे ब्रेक घ्यायचाच असेल तर दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा देऊन घ्यावा. आत्ता डिसेंबरात उठून घरी बसली तर हातात सर्टिफिकेट पण नाही. तुमच्या कॉलेजात चार क्रेडिटचं नक्की कसं करतात ते ऑफिसमध्ये लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका, तोंडी उत्तर देणारा क्लार्क जूनपर्यंत दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो.

पण त्याआधी एक करा. एक दिवस तिच्याबरोबर सकाळी कल्याणहून गाडी पकडा आणि संध्याकाळी तिच्याबरोबरच परत या. मी हे गमतीने सांगत नाहीये. कधी कधी मुलींना विषय नको नसतो, तो लेडीज डब्यातला दीड-दोन तासांचा उभा प्रवास नको असतो, आणि घरी येऊन "मला केमिस्ट्री आवडत नाही" असं म्हणणं "मी थकले" म्हणण्यापेक्षा सोपं जातं. तसं निघालं तर दुसऱ्या वर्षाला डोंबिवली-ठाण्याकडे कॉलेज बदलून मिळतं का ते बघा. आणि खरंच विषयच नको असेल तर हो म्हणा, बिघडत नाही. फक्त ब्रेकमध्ये सोमवारी सकाळी दहा वाजता ती कुठे असेल एवढं तिच्याकडून ऐकून घ्या. लायब्ररी, क्लास, एखादं काम, काकांचं दुकान, काहीही चालेल. "बघू" हे उत्तर आलं तर आणखी पंधरा दिवस थांबून परत विचारा.

प्रश्न : सर, मी बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे, कॅपमधून (सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून) नंबर लागला, आम्ही ओबीसी, शेती कोरडवाहू. मला फार्मसीत पुढे काय करायचं ते अजून नीट कळलेलं नाही, आणि हे मी घरी बोलले ते चुकलंच. आता वडील म्हणतात तुलाच माहीत नाही तर एवढी फी कशाला भरायची, भाऊ पण शिकतोय. काय करू?

उत्तर : पोरी, भावाला कधी विचारलंय का कोणी, की तुझं पुढचं ठरलंय का? नसेलच विचारलं. असो, भांडणात वेळ घालवू नकोस, फीचा मुद्दाच काढून टाक.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेलेल्या मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) तिन्हींना. आधी ही सवलत निम्मी होती. मेस, होस्टेल आणि कॉलेज इतर नावांनी लावतं ते पैसे ह्यात येत नाहीत, तेवढा खर्च घरी खरा खरा सांग. वडिलांना बहुतेक पूर्ण फीचाच आकडा दिसतोय. कॉलेजने पूर्ण फी आधीच भरून घेतली असेल तर ऑफिसला अर्ज देऊन विचार, कारण मुलींकडून ही फी आधी घेऊ नका असं सरकारनेच कॉलेजांना सांगितलेलं आहे. अर्जाची पोच घे, शिक्का मारलेली.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, पहिल्या वर्षी फॉर्म भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप झालं असं धरून बसू नकोस, दरवर्षी खात्री करून घे, बऱ्याच मुली इथेच अडकतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते, आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर, एवढं आधी गोळा कर. फार्मसीत पुढे काय ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कळेल, मेडिकल दुकानापलीकडेही त्यात बरंच आहे, त्यावर वेगळं पत्र लिही. आत्ता सोमवारी स्कॉलरशिपच्या खिडकीवर जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी जा, आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स दोन जास्तीच्या काढून ने.